फूटपट्टी सगळ्यात शेवटी

पहिलीतल्या मुलाच्या हातात एकदम फूटपट्टी देऊ नका. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दिली होती. जवळजवळ सगळ्या वर्गाने पेन्सिल १ च्या आकड्याला लावून मोजली, कारण मोजणं एकपासून सुरू होतं हे त्यांना मीच शिकवलं होतं. लांबी म्हणजे काय हे त्यांच्या हाताला कळायच्या आधीच मी आकडे पुढे केले होते.

आता मी शेवग्याच्या शेंगांपासून सुरुवात करते. दोघांत दोन शेंगा द्यायच्या आणि विचारायचं, लांब कुठली? मुलं म्हणतात, "ही मोठी." तिथेच थांबायचं. मोठी म्हणजे जाड की लांब? लांब-आखूड, जाड-बारीक, उंच-बुटका हे शब्द वस्तू हातात असतानाच तोंडी बसतात. मग एक शेंग मुद्दाम चार बोटं पुढे सरकवायची. पाच-सहा वर्षांची बरीच मुलं लगेच तिलाच लांब म्हणतात. मागचं टोक कुणी बघत नाही. चूक काढू नका. दोन्ही शेंगांची बुडं भिंतीला टेकवायला सांगा आणि पुन्हा विचारा. मी हे आठवडाभर चालू देते. पुढची सगळी मोजणी या एका सवयीवर उभी आहे.

फळा आणि दार शेजारी ठेवता येत नाहीत. तिथे सूत. माझं माहेर मागावरचं, घरात चादरी विणल्या जायच्या, त्यामुळे सुताची सोय आयती. फळ्याच्या रुंदीएवढं सूत तोडायचं आणि दाराला लावायचं. एवढंच सांभाळा की सूत ताणलेलं हवं.

मग वीत. वर्गात चादर अंथरते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी तेलुगू, कन्नड, मराठी, सगळंच बोलतात; म्हणून कुणी 'जान' म्हणतं, कुणी 'गेणू', कुणी वीत. तिन्ही शब्द फळ्यावर लिहिते, मुलं हरखतात. चादर एका मुलीच्या वितीने सतरा भरली, माझ्या वितीने बारा. "बाई, चादर आखूड झाली?" एकाने विचारलं. उत्तर मी दिलं नाही. ते एका मुलीने दिलं, जिची आई विड्या वळते. पानं कातरायला घरात पत्र्याचं माप असतं, सगळी पानं त्याच मापाने कातरायची, नाहीतर विड्या सारख्या होत नाहीत आणि परत येतात, हे तिला पाठ होतं. "बाई, सगळ्यांनी एकच माप घ्यायचं," ती म्हणाली.

पत्र्याच्या कडा हाताला लागतात, म्हणून त्या मापाएवढे पुठ्ठ्याचे तुकडे कापून घेतले. आता बाक मोजायचा. इथे नीट लक्ष द्या. मुलं तुकड्यांत फट सोडतात किंवा एकावर एक चढवतात, आणि आकडा मात्र खुशाल सांगतात. फट दिसली की त्यात बोट घाला आणि विचारा, "हा भाग कुणी मोजला?" शेवटी तुकडा पुरा बसत नाही तेव्हा "सात आणि थोडं" हे उत्तर बरोबर धरा. सुरुवातीला पुष्कळ तुकडे द्या. नंतर एकच द्या, म्हणजे खूण करून तोच पुढे सरकवायला मूल शिकतं. हे जमायला वेळ लागतो.

एवढं झालं की फूटपट्टी. आधी शून्य शोधायला लावा. पुष्कळ पट्ट्यांवर ते कडेपासून जरा आत असतं. एक सेंटिमीटरचे कागदी तुकडे कापून पट्टीवर ओळीने चिकटवायला सांगा. आकडा रेघेपाशी लिहिलेला असला तरी मोजायची ती घरं, हे तेव्हा दिसतं.

मुलाला कळलं की नाही ते बघायला मी पट्टीचा मोडका तुकडा ठेवलाय, ४ पासून पुढचा. खडू ४ ला लावते, तो ९ पर्यंत पोचतो. जो घरं मोजून पाच म्हणतो, त्याला नवी पट्टी. नऊ म्हणणाऱ्याला मी पुन्हा पुठ्ठ्याचे तुकडे देते आणि शेजारी बसते.