कुत्र्याच्या पिल्लाच्या डोक्याला लागलं? या चुका टाळा

कोठ्यात म्हैस मागं सरकते, पिल्लू कुटाराच्या ढिगावरून घरंगळतं, नाहीतर घरचंच पोर त्याला उचलून पळतं आणि हातातून सोडतं. आठ-दहा दिवसांच्या पिल्लाच्या डोक्यावर टेंगूळ येतं आणि सगळं घर औषधं सुचवू लागतं. हलक्या मारानं पिल्लाचं जेवढं बिघडत नाही, तेवढं या धावपळीनं बिघडतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

टेंगळावर बर्फ ठेवणं, जखम नळाखाली धरणं, ही पहिली चूक. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याचं तापमान साधारण 35 ते 37 अंश सेल्सियस असतं, मोठ्या कुत्र्याचं 38 ते 39. त्यात पौषातल्या रात्री ते ओलं राहिलं, तर मार बाजूलाच राहतो आणि पिल्लू गारठ्यानं जातं. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड हलक्या हातानं धरून ठेवा. कवटी अजून नाजूक असते, जोर लावू नका. जखम पुसायचीच असेल तर पाणी उकळून कोमट करा, लिटरला साधारण 9 ग्रॅम मीठ घाला, आणि पुसल्यावर लगेच कोरडं करा.

त्याला ऊब द्या: टोपल्यात पोतं, त्यावर जुनं सुती लुगडं, एका बाजूला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकता येतं. रात्रभर बल्बच्या भरवशावर राहू नका. लाइन कधी जाईल त्याचा नेम नाही. वैशाखात मात्र सगळं उलटं. टिनाखाली आधीच भट्टी असते, तिथं बाटली नको, सावली हवी.

जबरदस्तीनं दूध पाजणं. पिल्लू मलूल दिसलं की माणसं त्याला उताणं धरून चमच्यानं गाईचं दूध ओततात. ते दूध श्वासनळीत जातं, नाकाशी पांढरे बुडबुडे येतात आणि पुढं न्यूमोनिया होतो. गाईच्या दुधात पिल्लाच्या मानानं चरबी आणि प्रथिनं कमी असतात, हगवणही लागते. शुद्धीवर नसलेल्या पिल्लाच्या तोंडात साखरपाणीसुद्धा घालू नका.

आधी करंगळी स्वच्छ धुऊन त्याच्या तोंडात घाला. तोंड आतून गार लागलं तर दूध नकोच. गारठलेल्या पोटात ते पचत नाही, तसंच साचतं. एक ते तीन तासांत सावकाश ऊब आणा. तोंड गरम झालं आणि बोट ओढून चोखू लागलं, की ते कुत्रीच्या आचळाला लावा, पोटावर पालथंच. ते जोरात चोखत असेल तर माझा निम्मा जीव भांड्यात पडतो.

माणसाची गोळी. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांतलं काहीही घरच्या घरी देऊ नका. ‘पाव गोळी’ हा हिशोब एवढ्याशा जिवाला लागू होत नाही. जखमेवर तंबाखू-चुना किंवा रॉकेलही नको. कुत्री ते चाटते आणि विष दोघांच्या पोटात जातं. पावसाळ्यात माशी बसू देऊ नका, किडे पडायला वेळ लागत नाही. कीड दिसली तर डॉक्टरकडूनच काढून घ्या.

डोळे उघडून पाहणं. पिल्लाचे डोळे साधारण 10 ते 14 दिवसांनी आपोआप उघडतात. त्याआधी बुबुळं पाहायला पापण्या ताणू नका. झोपेत अंग फुरफुरलं म्हणून घाबरायचं कारण नाही, या वयात ते होतंच. पण मान मागं ताठ वळणं, हात लावूनही पाय मारणं न थांबणं, नाका-कानातून रक्त, सतत एकसुरी रडणं, अंग सैल पडणं, चोखणं बंद होणं, यांतलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका. पहिले 24 ते 48 तास रात्रीही उठून बघा.

तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना बंद असेल तर 1962 या टोल-फ्री क्रमांकावर विचारा. नागपूर जवळ असेल तर तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गाडीवर नेताना पिल्लू डिक्कीत टाकू नका, पिशवीत तर नाहीच. मान दुमडणार नाही असं टोपल्यात आडवं ठेवा, डोकं किंचित वर. किती उंचीवरून पडलं आणि शेवटचं दूध कधी प्यालं, हे डॉक्टरला आधी सांगा.

साधं टेंगूळ दिवसागणिक उतरत जातं. ते वाढलं, गरम लागलं किंवा पू आला तर पुन्हा दाखवा. पिल्लू उचलताना कुत्री चावली, तर जखम साबणानं 15 मिनिटं धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा, कुत्री घरचीच असली तरी.