वळणाऱ्या गाडीशी मोटारसायकलची टक्कर: दोष कसा ठरतो, भरपाई कशी मागावी

“दिसलाच नाही हो!” वळणाऱ्या गाडीवर मोटारसायकल आदळली की चालकाच्या तोंडून बहुतेकदा हेच निघतं. बऱ्याचदा ते खरंही असतं. अमेरिकेत १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांच्या अभ्यासात, दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी जवळजवळ दोन तृतीयांशांत त्या दुसऱ्या चालकाने मोटारसायकलचा आधी जाण्याचा हक्क डावललेला आढळला. मात्र दाव्यात हे वाक्य नीट न पाहिल्याची कबुली ठरू शकतं. कोणासमोर बोलला त्यासकट ते लिहून ठेवा.

आधी उपचार. किरकोळ वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आठवड्यानंतर दाखवलेली दुखापत अपघातातलीच, हे पटवणं जड जातं. पोलिसांना कळवा. घाबरून “माझंच चुकलं” म्हणू नका, त्या क्षणी अर्धंच चित्र तुम्हाला माहीत असतं.

धोका नसेल तर गाड्या हलवण्याआधी फोटो काढा: मार पुढच्या कोपऱ्यावर बसला की मागच्या दारावर, ब्रेकच्या खुणा कुठून सुरू झाल्या, काचेचा चुरा कुठे पडला. आसपासच्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण लगेच मागा, जुन्यावर नवं चढत जातं. साक्षीदारांचे फोन नंबरही घ्या.

मोटारसायकल दुरुस्तीला टाकायची घाई करू नका. “याचा हेडलाइट बंदच होता” हा आरोप हमखास होतो आणि त्याचं उत्तर कधीकधी बल्बमध्येच असतं. तारेचा बल्ब धडकेच्या वेळी पेटलेला असेल तर तापून मऊ झालेली तार ताणली जाते, वेडीवाकडी होते. थंड तार शाबूत राहते किंवा कडकन तुटते. म्हणून फुटका दिवा लावून बघू नका, पुरावा बिघडतो. समोरच्या गाडीचा इंडिकेटर चालू होता का, हेही असंच तपासता येतं. त्यासाठी ती गाडी आहे तशी ठेवावी, अशी लेखी मागणी करा. एलईडीला तार नसते, तिथे हा उपाय नाही.

आता दोष. वळणाऱ्याने समोरून सरळ येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे १९६८च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक करारातही आहे. पण तुम्ही मागून येऊन वळणाऱ्या गाडीला ओव्हरटेक करत असाल तर पारडं फिरू शकतं. वेगाचंही तसंच. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर कोरड्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरला थांबायला साधारण ४५ मीटर लागतात, ८०ला जवळपास ७०. तेवढ्या फरकात टक्कर टळली असती, असं दाखवलं गेलं तर दोषाचा काही वाटा तुमच्याकडे येतो. २० टक्के दोष म्हणजे बऱ्याच ठिकाणी १०० रुपयांच्या नुकसानीचे ८० हाती. काही ठिकाणी दोष निम्म्याच्या वर गेला की काहीच मिळत नाही. त्यामुळे एकेका टक्क्यासाठी भांडा.

मागणीत दवाखान्याची बिलं आणि दुरुस्ती येतेच. बुडालेली कमाई, पुढची शस्त्रक्रिया, कायमचं अपंगत्व, घरी सांभाळायला ठेवलेला माणूस आणि सोसलेल्या वेदनाही मांडा. रोज दोन ओळी लिहा: आज जिना चढता आला का, झोप लागली का.

विमा कंपनी लवकर रक्कम देऊ करेल. ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असं लिहिलेल्या कागदावर सही झाली की सहसा पुढचं मागता येत नाही. दुखापत कुठवर बरी होणार हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत थांबा, मात्र दाव्याची मुदत वकिलाकडून पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.