भाषेचा कंपायलर त्याच भाषेत लिहिताय? मग या चुका टाळा

दही लावायला आधी दहीच लागतं ना, तसंच एखाद्या भाषेचा कंपायलर (कोडपासून मशीनवर चालणारी फाइल बनवणारा प्रोग्राम) त्याच भाषेत लिहायचं काम आहे, पहिलं विरजण दुसऱ्याकडून आणावं लागतं. रस्ट भाषेचा पहिला कंपायलर ओकॅमल या दुसऱ्याच भाषेत होता, गो भाषेचा सी मध्ये, २०१५ ला गो चं १.५ व्हर्जन आलं तेव्हा तो गो मध्ये गेला. यातले बहुतेक घोळ एकाच कारणाने होतात, कुठली बायनरी (कंपाइल होऊन निघालेली, चालवता येणारी फाइल) कुठल्या बायनरीने बनवलीय हे आपल्या लक्षातच राहत नाही.

माझ्या छोट्या भाषेत मी मॅच स्टेटमेंट हे नवीन फीचर टाकलं आणि त्याच कमिटमध्ये (एकदम सेव्ह केलेल्या बदलांत) कंपायलरच्या पार्सरमध्ये, म्हणजे कोडची रचना वाचणाऱ्या भागात, वापरूनही टाकलं. माझ्याकडे मस्त चाललं कारण मधली नवीन बायनरी मशीनवर पडलेली होती, पण मित्राने रिपो क्लोन केली, म्हणजे सगळा सोर्स कोड उतरवून घेतला, आणि पार्स एरर, कारण त्याच्याकडच्या जुन्या बायनरीला मॅच म्हणजे काय हेच माहीत नाही! त्यामुळे आधी फीचर जुन्याच सिंटॅक्समध्ये लिहा, त्यातून निघालेली बायनरी जपून ठेवा आणि मगच पुढच्या कमिटमध्ये ते वापरा.

दुसरं, टेस्ट पास झाल्या म्हणून थांबू नका. जुन्या कंपायलरने बनवला तो स्टेज १, त्याने त्याच सोर्समधून बनवला तो स्टेज २, आणि स्टेज २ ने बनवला तो स्टेज ३. १ आणि २ वेगळे निघाले तर चालतं, पण २ आणि ३ बाइट न् बाइट सारखेच पाहिजेत, जीसीसी हा सी वगैरे भाषांचा कंपायलर तर हे बिल्ड करतानाच तपासतं. नाही जुळले तर आधी हॅशमॅप (नाव आणि किंमत अशा जोड्या ठेवायची रचना) बघा, गो मध्ये मॅपवर लूप लावला की क्रम मुद्दामच बदलता ठेवलाय, म्हणजे सिंबॉल (फंक्शन वगैरेंची नावं) तसेच लिहिले तर फाइल दरवेळी वेगळी येणार, लिहायच्या आधी सॉर्ट करा. मग टाइमस्टॅम्प आणि टेम्प फोल्डरचे पाथ बघा. हे सगळं ठीक असेल तर मात्र बहुधा कोड जनरेशनमध्येच (मशीन कोड तयार करणाऱ्या भागात) बग आहे, दोन्ही फाइल्स कंपेअर करून पहिला वेगळा बाइट कुठल्या फंक्शनमध्ये पडतो ते शोधा आणि तिथूनच सुरुवात करा.

एक गोष्ट मला अजूनही भारी वाटते. लेक्सरमध्ये (कोडचे शब्द आणि चिन्हं वेगळी करणाऱ्या भागात) आपण लिहितो, बॅकस्लॅश-एन (नवीन ओळीची खूण) दिसलं की बॅकस्लॅश-एन परत कर. त्याचा आकडा १० सोर्समध्ये कुठेच नसतो, तो बायनरीच्या पोटात असतो! म्हणून अशी बॅकस्लॅशवाली नवीन खूण, म्हणजे एस्केप, टाकताना पहिल्यांदा आकडाच लिहावा लागतो, युनिक्स बनवणाऱ्यांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसनने १९८४ च्या लेखात बॅकस्लॅश-व्ही आणि ११ घेऊन हेच दाखवलंय, आणि सोर्समध्ये न दिसणारा बॅकडोअर (आत शिरायची चोरवाट) असाच कसा लपू शकतो तेही.

आणि प्लीज, तो पहिला जुना कंपायलर डिलीट करू नका. बायनरी करप्ट झाली किंवा नवीन मशीनवर शून्यापासून बिल्ड करायची वेळ आली की तोच कामाला येतो. गो वाल्यांनी १.१९ पर्यंत सगळी व्हर्जन्स सी मध्ये लिहिलेल्या १.४ वरून बिल्ड होतील असं सांभाळलं, १.२० ला कुठे १.१७ लागायला लागलं.