वजनाचं इंजेक्शन घेताय? आधी जेवणाची जुनी गोष्ट डॉक्टरांना सांगा

माझी धाकटी बहीण बारावीला असताना जेवण चुकवायची. कडक भाकरी आमटीत कुस्करायची, काला इकडून तिकडे करत बसायची. कुस्करलेल्या भाकरीत किती पोटात गेलं ते कळत नाही. पाळी थांबली तेव्हा आमचे डोळे उघडले. उपचारांनी ती बरी झाली.

गेल्या दिवाळीनंतर वाढलेल्या वजनासाठी तिने सेमाग्लुटाइड हे आठवड्याला घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. जुन्या आजाराचं डॉक्टरांनी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. जानेवारीत सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेत जो तो म्हणाला, "किती छान बारीक झालीस!" त्याच रात्री माझ्या घरी तिने तसाच काला केला. शेंगाचटणी ताटाच्या कडेला तशीच.

म्हणून सांगते, पहिलं इंजेक्शन घेण्याआधीच डॉक्टरांना सांगा: कधी उपाशी राहायचात का, खाऊन मुद्दाम उलटी काढायचात का, रात्री लपून पोट फुटेस्तोवर खाता का. बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. वजन जास्त आहे म्हणजे खाण्याचा असा आजार नसेलच, असं नसतं. हे औषध जीएलपी-१ या आतड्यातल्या हार्मोनसारखं काम करतं. भूक मंदावते, पोट सावकाश रिकामं होतं. ज्याने पूर्वी भूक मारली आहे, त्याला "भूकच नाही" हे आयतं कारण मिळतं, आणि वरून कौतुकही होतं.

डोसची घाई करू नका. वेगोवी (सेमाग्लुटाइडचंच वजनासाठीचं एक ब्रँड) आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवतात. मैत्रिणीचं उरलेलं इंजेक्शनचं पेन घेऊ नका, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तर मुळीच नको.

घरच्यांनी काय बघायचं? मळमळ, उलटी हे या औषधाचे नेहमीचे त्रास, त्यामुळे मुद्दाम काढलेली उलटी सहज झाकली जाते. जेवण झालं की लगेच बाथरूम, आत नळ चालू. बोटांच्या सांध्यांवर ओरखडे. दिवसातून चारदा वजनकाटा. एकाएकी वाढलेले उपास. चक्कर, छातीत धडधड. घास जात नसतानाही डोस वाढवायचा हट्ट. यातलं एक-दोन दिसलं तरी बोला.

पण ताटावर बोलू नका, वजनावर तर नकोच. मी तिला संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी घेऊन गेले आणि विचारलं, "जेवणाची पुन्हा भीती वाटतेय का गं?" बराच वेळ ती पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, औषध सुटलं की भूक परत येईल, त्याचीच भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी औषध थांबवलं, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तुम्ही मात्र मनाने बंद करू नका, विशेषतः मधुमेह असेल तर. पाणीही टिकत नसेल, शुद्ध हरपली किंवा पोटात असह्य दुखत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मन मोकळं करायला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

आणि नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा, तिच्या अंगकाठीवर चांगलं-वाईट काहीच बोलायचं नाही. आमच्या मावशीला मी तीनदा सांगितलं. आता ती भेटली की लेकरांच्या शाळेचं विचारते.