एलएस इंजिनच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा बदलताना या चुका टाळा

शेव्हरोलेच्या एलएस१ इंजिनात मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा) टाकला की व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या स्प्रिंगाही बदलाव्या लागतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. गडबड होते ती खरेदीत. बॉक्सवरचा पौंडांचा आकडा पाहिला जातो, पण तो स्प्रिंगच्या कोणत्या उंचीला मोजलाय हे बघायचं राहून जातं.

या इंजिनात सर्रास बसवली जाणारी एक बीहाइव्ह (वर निमुळती होणारी) स्प्रिंग घ्या. व्हॉल्व्ह बंद असताना १.८०० इंचाला तिचा दाब १३० पौंड. व्हॉल्व्ह ०.६०० इंच उघडला, म्हणजे उंची १.२०० झाली, की ३१८ पौंड. इंचाला साधारण ३१३ पौंडांचा हिशोब झाला. आता हेडच्या सीटा (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडा) घासल्या असतील तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खाली बसतो, देठ वर येतो आणि उंची १.८३० भरू शकते. तेवढ्यानं बंद दाब १२० वर येतो. तिथे ३० थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) शिम, म्हणजे स्प्रिंगखालची पातळ चकती, टाकायची. सोळाही जागा मोजायच्या, एक मोजून पंधरा गृहीत धरायच्या नाहीत.

याच्या उलट चूक जास्त महाग पडते: कडक स्प्रिंग ती चांगली, म्हणून शिमवर शिम. हीच स्प्रिंग १.०८५ इंचाला पूर्ण मिटते, वेटोळी एकमेकांना भिडतात. शिम नसताना ०.६०० लिफ्टला (व्हॉल्व्ह उघडतो ते अंतर) ११५ थाऊ जागा शिल्लक असते. ६० थाऊची शिम घातली की उरतात फक्त ५५, आणि आम्ही ६० च्या खाली जात नाही. शिवाय जादा दाबानं कॅमवर चालणारे हायड्रॉलिक लिफ्टर दबतात, कॅमचे लोब (उंचवटे) झिजतात. लिफ्टचा आकडाही तपासा: कॅमच्या कार्डावर ०.६०० लिहिलंय ते १.७ पटीच्या रॉकरसाठी (रॉकर म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारी तरफ). १.८ चे रॉकर लावले तर ते ०.६३५ होतं. पूर्ण लिफ्टला रिटेनरचा (स्प्रिंगवरच्या टोपीचा) तळ आणि व्हॉल्व्हच्या देठाचं सील यांच्यातही ६० थाऊ मोकळे हवेत, नाहीतर सील चिरडतं.

साडेसहा हजार आरपीएमच्या आसपास ताकद एकदम गळते, फटफट आवाज येतो, आणि आधी कॉइल-प्लग बदलले जातात. तेव्हा स्प्रिंगांवर संशय घ्या. व्हॉल्व्ह लोबची साथ सोडतो, सीटवर आपटून उसळतो. असंच पळवत राहिलात तर एक दिवस व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनवर पडेल. टेस्टरवर त्याच उंचीला दाब दहा टक्क्यांहून जास्त घटलेला दिसला की पूर्ण सेट बदला.

हेड न उतरवता काम करायचं तर पिस्टन वर आणून करा: १-६, ८-५, ७-४, २-३ अशा सिलिंडरांच्या जोड्या, क्रँक दर वेळी ९० अंश फिरवून. सिलिंडरमध्ये हवा भरलीत तरी पिस्टन वरच ठेवा. हवा सुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर टेकतो, आत हरवत नाही. ऑइल खाली जाण्याची भोकं कापडानं बुजवा. निसटलेला कॉटर (रिटेनर देठाला अडकवणारी छोटी पाचर) तिथून संपमध्ये, म्हणजे तळच्या ऑइलच्या टाकीत, गेला तर पॅन उतरवावा लागतो.

स्प्रिंग पकडीनं धरू नका. तारेवर नखभर ओरखडा राहिला तरी तडा तिथूनच सुरू होतो. बसवण्याआधी ऑइल लावा, दोन्ही कॉटर देठाच्या खाचेत सारखे बसलेत का ते बॅटरीच्या उजेडात बघा. रॉकरचा बोल्ट लिफ्टर लोबच्या गोल पाठीवर असतानाच आवळा, २२ फूट-पौंडांना.