गुन्हेगारीपटातला सत्तेचा भुकेला: स्वभावप्रकार लावायचे कसे

चित्रपटातल्या डॉनचा स्वभावप्रकार ठरवायला बसलेला नवखा अभ्यासक बहुतेक वेळा आधी त्याचा आवाज ऐकतो. संतापतो, धमकावतो, म्हणजे एनिअ‍ॅग्रामचा (माणसांना नऊ स्वभावप्रकारांत बसवणारी पद्धत) 8 क्रमांक! इथेच घसरण सुरू होते. एनिअ‍ॅग्रामचे 9 प्रकार माणसाच्या मुळाशी असलेल्या भीतीवरून ठरतात. 8 ला दुसऱ्याच्या ताब्यात जाण्याची भीती असते, 3 ला आपण कवडीमोल ठरू याची, 6 ला आधार सुटण्याची. तिघंही सत्तेमागे धावू शकतात आणि तिघंही माणसं मारू शकतात. तेव्हा विचारायचं ते एवढंच, की सत्ता गेली तर या माणसाचं नेमकं काय जाईल?

चित्रपट दोनदा पाहा, पहिल्यांदा वही न उघडता. दुसऱ्यांदा चार-पाच प्रसंग पुरतात: अधिकार पहिल्यांदा हाती येतो तो, चारचौघांत अपमान होतो तो, जवळचा माणूस उलटतो तो, आणि निर्णय घेऊन झाल्यावर पात्र एकटं असतं तो. प्रत्येक प्रसंगापुढे तीन रकाने आखा: काय बोलला, काय केलं, त्यासाठी काय गमवायला तयार झाला. पहिल्या दोन रकान्यांत ताळमेळ नसेल तर तिसऱ्यावर विश्वास ठेवा.

'द गॉडफादर'मधले (1972) दोन भाऊ, माफिया डॉनचे मुलगे सॉनी आणि मायकेल, सरावाला उत्तम. सॉनी अमली पदार्थांचा व्यापारी सोलोझो याच्यासमोरच्या बैठकीत वडिलांच्या आधी मनातलं बोलून जातो. पुढे बहिणीला मारहाण झाल्याचं कळताच गाडी काढून सुसाट निघतो आणि टोलनाक्यावर मारला जातो. त्याचा 8 क्रमांक सहज टिकतो. मायकेल अवघड आहे. जखमी वडिलांच्या राखणीला हॉस्पिटलबाहेर उभं असताना सिगारेट पेटवताना सोबतच्या एन्झोचे हात थरथरतात, मायकेलचे स्थिर असतात, आणि हे त्याच्या स्वतःच्याच लक्षात येतं. हा अलिप्तपणा पाहून 5 क्रमांक, म्हणजे दूर राहून निरीक्षण करणारा, हिशेबी प्रकार सुचतो. पण दुसऱ्या भागात (1974) विश्वासघात केलेला भाऊ फ्रेडो याच्यापासून काही धोका उरलेला नसताना, आई जाईपर्यंत थांबून, मायकेल त्याचा खून करवतो. निव्वळ हिशेबी माणसाला याची गरज नव्हती. विश्वासघात न पचवणारा 8 इथे डोकावतो, आमच्या मते तोच खरा.

म्हणून नेहमी दोन प्रकार शर्यतीत ठेवा आणि प्रत्येकाला खोटं ठरवणारा प्रसंग मुद्दाम शोधा. जुळणारे प्रसंग कुठल्याही प्रकाराला मिळतातच.

एमबीटीआय या दुसऱ्या स्वभावचाचणीचे 16 प्रकार मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या 1921 च्या मांडणीतून आले. पात्र माहिती कशी टिपतं आणि निर्णय कसा घेतं, एवढ्यापुरतेच ते वापरा. सत्तेची भूक त्यातून कळत नाही. मानसशास्त्रज्ञ पॉलहस आणि विल्यम्स यांनी 2002 मध्ये मांडलेलं 'डार्क ट्रायड' क्रौर्य तपासायला अधिक कामाचं: मॅकियाव्हेलीपणा (थंड डोक्याने दुसऱ्यांना वापरणं), आत्मप्रौढी, सायकोपथी (सहानुभूतीचा अभाव आणि बेपर्वा उतावळेपणा). या तिघांची सरमिसळ मात्र टाळा. वाट पाहून डाव टाकणारा आणि परिणामांची पर्वा न करता लगेच हात उचलणारा, हे दोघे वेगळे.

आणखी एक फसगत पदामुळे होते. टोळीचा प्रमुख हुकूम सोडणारच, त्यावरून स्वभाव ठरत नाही. खुर्ची मिळण्याआधीचे प्रसंग पाहा. कथानक पुढे ढकलण्यासाठीच घातलेला निर्णयही बाजूला काढा. एवढं करूनही प्रसंग एकमेकांना छेद देत असतील तर प्रकार रिकामा सोडा आणि कोणते दोन प्रसंग जुळत नाहीत ते लिहा.