लहान गेम रिझर्व्ह चालवताना होणाऱ्या या चुका टाळा

दक्षिण आफ्रिकेचं क्रुगर राष्ट्रीय उद्यान जवळजवळ २० लाख हेक्टरांचं. त्याच देशात दोन-पाच हजार हेक्टरांची खासगी गेम रिझर्व्हही (वन्यप्राण्यांसाठी राखलेली कुंपणबंद रानं) पुष्कळ आहेत. त्यातली बरीचशी जुन्या गुरांच्या फार्मांना उंच कुंपण घालून उभी राहिली. क्रुगरमध्ये दुष्काळ पडला तर जनावरं चालू लागतात, वयात आलेला सिंह कळपातून हाकलला जातो आणि लांब कुठेतरी निघून जातो. तीन हजार हेक्टरांत जायला जागाच नाही. मोकळ्या रानात जे आपोआप घडतं ते इथे व्यवस्थापकाला घडवून आणावं लागतं. पुढच्या बहुतेक चुका याचाच विसर पडल्याने होतात.

मशीन चालू म्हणजे कुंपण चालू, हा समज

रानडुकरांपायी शेताला झटका मशीन लावणाऱ्यांना हे दुखणं नवं नाही. मशीनवरचा दिवा टकटकत असतो आणि शेवटच्या खांबाशी तारेत दम नसतो. पावसात वाढलेलं गवत तारेला टेकलं की वीज तिथेच गळते. कोरड्या महिन्यांत (तिथे ते साधारण मे ते सप्टेंबर) वेगळीच अडचण येते. जमीन ठणठणीत सुकते, अर्थिंग धरत नाही आणि तारेला तोंड लावूनही जनावराला नुसतीच चुणूक बसते. यावरचा उपाय म्हणजे एक तार विजेची, एक अर्थची अशी आलटून-पालटून जोडणी. दोन्हींना एकदम अंग लागलं की जमीन कशीही असो, झटका बसतो. व्होल्टेज मशीनपाशी नव्हे, लाइनच्या टोकाला मोजायचं आणि रोज मोजायचं. हत्ती असतील तर हलगर्जीपणा अजिबात नको. सुळ्यांतून वीज नीट जात नाही हे ते लवकर शिकतात आणि सुळ्यानेच तार तोडतात.

खालच्या तारेकडे फार कमी लोक लक्ष देतात. सिंह किंवा रानकुत्रे खालून उकरून निघू नयेत म्हणून जमिनीपासून वीतभरावर वीजतार ओढतात. कासव तिला अडलं की अंग आत ओढून तिथेच बसतं. खवल्या मांजर घाबरून तारेभोवतीच वेटोळं घालतं. दोघांनाही झटक्यामागून झटके बसत राहतात आणि ती मरतात. जिथे उकरणारे शिकारी प्राणी नाहीत तिथे ही तार हवीच कशाला? असतील तर ती शक्य तेवढी वर घ्यावी आणि गस्तीच्या माणसाला फक्त खांब नव्हे, तारेखालची जमीनही बघायला सांगावं.

वॉर्टहॉगनी (आफ्रिकेतली रानडुकरं) कुंपणाखाली पाडलेली भोकं रोज बुजवणं हा तर बिनफायद्याचा उद्योग आहे, दुसऱ्या दिवशी शेजारीच नवं भोक तयार असतं. नामिबियातल्या काही गेम फार्मांनी त्यापेक्षा भोकांतच झुलती जाळीची दारं बसवली. वॉर्टहॉग ती ढकलून जातं, चित्ते-कोल्हे बहुतांशी अडतात.

कागदांचंही बघा. दक्षिण आफ्रिकेच्या १९९१ च्या गेम थेफ्ट (वन्यप्राणी चोरी) कायद्याप्रमाणे कुंपण पुरेसं असल्याचा दाखला घेतलेला असेल तर बाहेर पळालेलं जनावरही मालकाचंच राहतं. दाखला नसेल तर हक्क सुटू शकतो.

पाणवठ्यांची हौस

लॉजसमोर एक, रस्त्याकडेला दोन, आणखी एक बोअर लागला तर तिथेही एक. पाहुण्यांना प्राणी दिसतात, सगळे खूश. पण पाण्याभोवतीचं गवत आधी संपतं, आणि सगळीकडेच पाणी असेल तर दुष्काळासाठी न चरलेला तुकडा उरतच नाही. १९८२-८३ च्या दुष्काळात क्रुगरला लागून असलेल्या क्लासेरी रिझर्व्हमध्ये पाणवठे दाट होते. तिथे गवत खाणारी जनावरं मोठ्या संख्येने मेली आणि ती तहानेने नव्हे, भुकेने. क्रुगरमध्ये कृत्रिम पाण्यामागे झेब्रे आले, झेब्र्यांमागे सिंह आले आणि दुर्मीळ रोन हरणांची संख्या कोसळली. नंतर तिथे बरेच बोअर बंद केले गेले. लहान रिझर्व्हने तर काही पाणवठे आळीपाळीने बंद ठेवावेतच, पाहुणे कुरकुरले तरी.

चांगल्या पावसाच्या वर्षी खरेदी

हिरवं गवत बघून लिलावात हात वर जातो. कुरण किती जनावरं पोसेल हे कोरड्या हंगामाच्या शेवटी ठरवायचं असतं, आणि जादा जनावरं पाऊस हुकल्याचं दिसताच काढायची असतात. ती रोडावल्यावर कुणी घेत नाही. पकडापकडी थंडीतच. उन्हात पळवलेल्या हरणाचे स्नायू निकामी होतात आणि ते काही दिवसांनीही मरू शकतं.

जनावर कुठून आणताय हेही तितकंच महत्त्वाचं. गोचिडांमुळे होणारा हार्टवॉटर रोग जिथे नाही अशा भागातलं स्प्रिंगबॉक हरण लोव्हेल्डात (क्रुगरच्या आसपासचा सखल, उष्ण पट्टा) आणलं तर ते जगण्याची आशा धरू नये. ब्लेसबॉक आणि बॉन्टेबॉक ही जवळच्या नात्यातली हरणं एकाच कुंपणात सोडले की त्यांचा संकर होतो. काळ्या आणि निळ्या विल्डबीस्टांचंही तेच. दुर्मीळ जातीची शुद्ध पैदास एकदा बिघडली की निस्तरता येत नाही.

सिंह आणि हत्ती: पाहुण्यांसाठी आणलेले

सिंह सगळ्यांना हवे असतात. भक्ष्य भरपूर, बाहेरून येऊन छावे मारणारे परके नर नाहीत, त्यामुळे कळप भराभर वाढतो आणि महागड्या हरणांचा फडशा पडतो. सिंहिणींना गर्भनिरोधक इम्प्लांट बसवणं आणि नर दुसऱ्या रिझर्व्हशी अदलाबदल करणं हा बेत सिंह आणण्याआधीच तयार हवा. चित्त्यांसाठी एन्डेंजर्ड वाइल्डलाइफ ट्रस्टने २०११ पासून अशीच देवाणघेवाण चालवली. २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोत आलेले १२ चित्ते दक्षिण आफ्रिकेतूनच आले, हे आपल्याकडे ध्यानात ठेवण्यासारखं.

हत्तींचा धडा दक्षिण आफ्रिकेतल्याच पिलान्सबर्ग राष्ट्रीय उद्यानाचा. ते लहान नाही, पण कुंपणातलंच. क्रुगरमधून आणलेली पोरकी पिल्लं तिथे मोठ्या नरांच्या धाकाविना वाढली, वेळेआधी माजावर आली आणि १९९० च्या दशकात त्यांनी चाळीसहून अधिक गेंडे मारले. १९९८ मध्ये क्रुगरमधून सहा प्रौढ नर आणल्यावर हा प्रकार थांबला.

एक वणव्याचंही: जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, कोरडा हंगाम सुरू होतानाच तयार हव्यात. १९९८ च्या वणवा कायद्याने ती मालकाचीच जबाबदारी आहे.

गेंड्याचा हिशेब

शिंगासाठी गेंड्यांची चोरटी शिकार होते. शिंग कापलं की प्रश्न मिटला असं वाटतं, पण ते पुन्हा वाढतं. दर दीड-दोन वर्षांनी पुन्हा कापायचं आणि कापलेलं शिंग परदेशात विकायचं नाही, कारण त्या व्यापारावर १९७७ पासून बंदी आहे. २०२३ मध्ये जगातला सर्वांत मोठा खासगी गेंडा फार्म, सुमारे २,००० गेंड्यांसह, लिलावात निघाला आणि एकही बोली आली नाही. शेवटी आफ्रिकन पार्क्स या संस्थेने तो घेतला. लहान रिझर्व्हने गेंडा घेण्याआधी हेलिकॉप्टर, पशुवैद्य आणि रात्रीची सशस्त्र गस्त या तिन्हींचे दर मागवावेत. असा हिशेब केल्यावर कितीतरी मालकांनी होते ते गेंडेही देऊन टाकले.